लाखेच्या पेट्या आणि लाल बनात

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ ची महाराजांची स्वारी आठवते आणि लुटला गेलेला श्रावक वीरजी व्होरा. मला मात्र त्याच शतकातल्या तिथल्या बायका आठवतात. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए लिहून गेलाय, की लाखेतला तांबडा रंग काढून घेतल्यावर उरलेली लाख साफ करण्यावर सुरतेतल्या पुष्कळ बायकांचं पोट चाले. तिला हवा तो रंग देऊन मोहोर लावायच्या कांड्या बनत. इंग्रज आणि डच कंपन्या वर्षाला १५० पेट्या उचलत.

लाखेचा किडा पळस, बोर, कुसुंबाच्या कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितो आणि अंगाभोवती राळेचं घर करतो. ते घर म्हणजे लाख. मेक्सिकोतला कोचिनील निवडुंगाचा रस पितो. त्याचं पांघरूण म्हणजे नुसता पांढरा मेणचट कापूस. रंग सगळा अंगात. म्हणून माद्या खरवडायच्या, मारायच्या, वाळवायच्या. किलोभरात सुमारे दीड लाख जीव! युरोपात त्या काळी भारी लाल बनात याच रंगात बुडवत, आणि इंग्रज सुरतेत बनात विकायला आणत. लाख घेऊन जाणार, बनात उतरवणार.

लाखेत कसली आलीय हत्या, ते तर रिकामं घर, असं कुणी म्हणेल. रिकामं कुठलं? तांबडा रंग तिच्यातही मादीच्या अंगातूनच येतो. पिल्लं बाहेर पडण्याआधी फांदी तोडली, तर तीही आतच मरतात. आपल्या शास्त्रकारांनी हे पाहिलं होतं. उपासकदशांगातल्या पंधरा कर्मादानांत हस्तिदंताच्या व्यापारानंतर लगेच लाखेचा व्यापार येतो, श्रावकाला वर्ज्य म्हणून. कोचिनीलचं नाव तिथे असणार कसं? तो समुद्रापलीकडे होता.

पण नेम व्यापाऱ्याला सांगितला. बांगडी भरणारीचं काय? लाखेचा चुडा आपल्या कितीतरी घरांत लग्नात लागतोच. तो सोडा असं मी म्हणत नाही. मनिहारणीच्या हातचं काम मलाही आवडतं. पण कंदमूळ नको म्हणून हॉटेलात वेटरला चार वेळा विचारणाऱ्या आपण, लिपस्टिकचा लाल रंग कशाचा हे दुकानदाराला विचारत नाही. परदेशी गोळ्या-चॉकलेटच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत आकडे असतात: १२० म्हणजे कोचिनील, ९०४ म्हणजे चकाकीसाठी लावलेली लाख.