निवारा आणि निश्चिंती : गोमंतकातील घराचा इतिहास

नव्या घरात पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्याकडे वास्तुशांती करण्याचा प्रघात आहे. या विधीच्या नावातच एक जुने शहाणपण साठविलेले दिसते. घर बांधून झाले म्हणजे काम संपले असे पूर्वजांनी मानले नाही. त्या घरात शांती नांदली पाहिजे, तरच ते वास्तव्यास योग्य, अशी त्यांची धारणा होती. स्थिर निवारा, मनाचे स्वास्थ्य आणि समाजाची सुस्थिती यांचे नाते आज वैद्यकशास्त्र सांगत आहे. गोमंतकाच्या इतिहासाने मात्र ते नाते चारशे वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष अनुभवलेले आहे.

सोळाव्या शतकात साष्टी प्रांतावर धर्मांतराचे संकट कोसळले, तेव्हा बेघर होण्याची पाळी प्रथम देवांवर आणि त्यांच्या भक्तांवर आली. १५६० मध्ये कुशस्थळीचा श्रीमंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा मार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास अशी दैवते अंत्रुज महालात येऊन विसावली. १५६७ मध्ये साष्टीतील देवालयांचा सरसकट विध्वंस झाला. कित्येक कुळे कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत पांगली. शेतभाट, विहीर, अंगणातील तुळशीवृंदावन, सोयरेधायरे, सर्व मागे राहिले. बरोबर आले ते दैवत आणि मूळ गावाचे नाव. केळशीकर, लोटलीकर, कुठ्ठाळीकर ही आडनावे म्हणजे हरवलेल्या घरांची जतन करून ठेवलेली खूणच होय.

या पांगलेल्या कुळांना उभारी कशी आली, याचा विचार केला पाहिजे. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता आणि येथील ग्रामस्थांनी आलेल्यांना जागा दिली. देवास छप्पर मिळाले आणि देवाभोवती माणसांची वस्ती स्थिरावली. पुढे अठराव्या शतकात, १७३९ च्या सुमारास, रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या प्रयत्नाने श्रीमंगेशास मंगेशी गाव इनाम मिळाला. शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या साह्याने कवळ्याचे देवालयही त्याच काळात उभे राहिले. देवालयांच्या आवारात आग्रशाळा बांधल्या गेल्या. दूरदेशी स्थायिक झालेला कुळावी वर्षातून एकदा का होईना तेथे उतरे, आपल्या माणसांत चार दिवस राही आणि मन हलके करून परते. आपल्याला हक्काने उतरता येईल अशी एक जागा जगात आहे, ही भावना परमुलखातील माणसाला केवढा आधार देते, हे महाजन कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहणे इष्ट ठरते. ज्या भूमीत निर्वासितांना आसरा मिळाला, त्याच भूमीत पिढ्यान् पिढ्या राहूनही ज्यांच्या पायाखालची जमीन त्यांची झाली नाही, असा एक मोठा वर्ग होता. तो म्हणजे मुंडकारांचा. भाटकाराच्या माडांच्या भाटात, त्याच्या संमतीने, घर करून राहणारा तो मुंडकार. जुन्या काबिजादीत आणि नव्या काबिजादीत, हिंदू आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांत ही पद्धत सारखीच रुजली होती. भाटाची राखण, नारळांचा पाडा, भाटकाराच्या घरची कार्ये, अशा सेवेच्या मोबदल्यात राहण्याची जागा मिळे. भिंती मातीच्या, वर चुडतांचे छप्पर. देवस्थानांच्या जमिनींवरही सेवेकऱ्यांची अशी घरे होतीच.

अनेक भाटकार उदार अंतःकरणाचे होते. मुंडकाराच्या मुलीच्या लग्नास तांदूळ आणि नारळ धाडणारे, दुखण्याखुपण्यात वैद्य पाठविणारे घराणेदार यजमान गावोगावी होते. तथापि औदार्य हे कितीही मोठे असले तरी ते हक्काची जागा घेऊ शकत नाही. यजमान बदलला, वाटण्या झाल्या, किंवा एखाद्या शब्दावरून मर्जी फिरली, तर घर सोडावे लागेल, ही टांगती तलवार मुंडकाराच्या डोक्यावर कायम असे. उद्या उठावे लागले तर, या भयाने भिंतीला चिरा लावण्याचे धैर्य होत नसे. मुलाला शाळेत पाठवावे की भाटकाराच्या कामाला, हा निर्णयही पूर्णपणे बापाच्या हाती नसे. ग्रामसभेत उभे राहून स्वतःचे मत सांगणे तर दूरच. अशा माणसाच्या मनाला स्वस्थता लाभत नाही आणि ज्या गावात अर्धी माणसे मान खाली घालून राहतात, त्या गावालाही खरे स्वास्थ्य लाभत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना १९६४ मध्ये कूळ कायदा झाला आणि शेत कसणाऱ्यास संरक्षण मिळाले. घराचा प्रश्न मात्र उरला होता. शशिकला काकोडकर यांच्या कारकीर्दीत, १९७५ मध्ये, मुंडकारांना घरातून काढण्यास प्रतिबंध करणारा कायदा विधानसभेने संमत केला. त्याने मुंडकारास घरात राहण्याची शाश्वती दिली, इतकेच नव्हे तर ते घर विकत घेण्याचा हक्कही दिला. घराच्या बाहेरील भिंतीपासून पाच मीटरपर्यंतची जमीन, अथवा पंचायत क्षेत्रात ३०० आणि इतरत्र २०० चौरस मीटर, यांपैकी जे मुंडकारास लाभदायक ते, अशी मर्यादा ठरविण्यात आली. मुंडकारांची नोंदवही ठेवण्याचे काम मामलेदारांकडे सोपविले गेले.

या कायद्याने काही घराण्यांना दुःख झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वच भाटकार धनाढ्य नव्हते. चार माडांच्या उत्पन्नावर दिवस काढणाऱ्या विधवाही त्यांत होत्या. पूर्वजांनी विश्वासाने दिलेली जागा आपल्या हातून गेली, असे त्यांस वाटणे स्वाभाविक होते. दुसरीकडे, हक्क कागदावर मिळूनही तो हाती येण्यास मुंडकारांना फार काळ लागला. अनेक दावे मामलेदारांपुढे वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्या अनिश्चिततेने दोन्ही पक्षांची मने पोळली. तरीही नोंद झालेल्या घरांत पडलेला फरक डोळ्यांना दिसण्यासारखा होता. चुडते जाऊन नळे आले, मातीच्या भिंतींच्या जागी चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. माणूस जेथे कायमचा राहणार तेथेच तो झाड लावतो, शेजार जोडतो, गावच्या कार्यात पुढे होतो.

आता शास्त्र व कायदा यांनीही हाच निर्वाळा दिला आहे. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात मोडतो असे मानले आणि १९९६ च्या एका निवाड्यात निवाऱ्याचा हक्कही त्यातच समाविष्ट असल्याचे स्पष्ट केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा घर नाही म्हणून त्याला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. औषधाने बरा झालेला माणूस परतण्यास घर नसेल तर पुन्हा खचतो, ही व्यवहारातील गोष्ट कायद्याने मान्य केली, असेच म्हणावे लागेल.

महाजन संस्थांच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. आपली दैवते एकदा निराश्रित झाली होती आणि कोणी तरी जागा दिली म्हणून आपली कुळे टिकली. ती कृतज्ञता वर्षासनांनी व उत्सवांनी पुरी फिटणारी नाही. देवस्थानच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या सेवेकऱ्यांच्या घरांचे कागद नीट व्हावेत, सेवा थांबली तरी वृद्ध सेवेकऱ्याच्या डोक्यावरील छप्पर राहावे, दावा न्यायालयात ताणण्यापेक्षा समेटाने मिटवावा आणि आग्रशाळेची एखादी खोली संकटात सापडलेल्या कुळाव्यासाठी राखून ठेवावी. ही कामे शिखरावर सुवर्णकलश चढविण्याइतकीच पुण्यप्रद होत. ज्या गावात कोणासही उद्याच्या निवाऱ्याची चिंता नाही, त्या गावाची वास्तुशांती खऱ्या अर्थाने पार पडली असे समजावे.