उष्णता आणि तापमान

उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे एका पदार्थाकडून दुसऱ्या पदार्थाकडे जाणारी ऊर्जा होय. तापमान ही पदार्थ किती उष्ण वा थंड आहे हे दर्शविणारी राशी असून, पदार्थातील कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेशी तिचा संबंध असतो. व्यवहारात हे दोन्ही शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. भौतिकशास्त्रात मात्र त्यांचे अर्थ व एकके भिन्न आहेत. हा भेद अठराव्या शतकात स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी प्रयोगांद्वारे स्पष्ट केला.

तापमानाचे मापन

तापमान तापमापीने मोजतात. सेल्सिअस अंशांत २७३.१५ मिळविल्यास केल्व्हिन या एककातील तापमान मिळते. पाणी १००° से. तापमानास उकळते, हे विधान समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबालाच लागू पडते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी सुमारे ९८° से.ला उकळते. तेथील प्रयोगशाळेत उकळत्या पाण्यात तापमापीने ९८ अंश दर्शविल्यास तो तापमापीचा दोष नव्हे.

उष्णतेचे मापन

उष्णता ज्यूल किंवा कॅलरी या एककांत मोजतात. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १° से.ने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे १ कॅलरी. ती सुमारे ४.१८ ज्यूल इतकी असते. पदार्थाची अवस्था बदलत नसेल तर

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्णता × तापमानातील बदल

हे सूत्र लागू होते. १ लीटर पाणी २५° से.पासून ४०° से.पर्यंत तापविण्यास १५ किलोकॅलरी लागतात, तर १५ लीटरच्या बादलीस २२५. दोन्हींचे अंतिम तापमान एकच, उष्णता मात्र पंधरापट. कॅलरीमापीत तप्त वस्तू ज्ञात वस्तुमानाच्या थंड पाण्यात टाकून, वस्तूने गमावलेली उष्णता पाणी व भांडे यांनी मिळविलेल्या उष्णतेइतकी मानतात.

सुप्त उष्णता

उकळत्या पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी खर्च होतात, तरी तापमान स्थिर राहते. साखरेच्या पाकाचे तसे नाही. चिक्कीसाठी पाक आटविताना पाणी कमी होत जाते आणि त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. कडक पाकाचे तापमान १५०° से.च्या आसपास पोहोचते. त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून तो कडकडीत होतो का, हे पाहण्याची रीत म्हणजे तापमानाचीच अप्रत्यक्ष परीक्षा होय.

यांत्रिक ऊर्जा आणि उष्णता

उष्णता हे ऊर्जेचेच रूप आहे, हे जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाणी घुसळून दाखविले. लोणावळा परिसरातील टाटा जलविद्युत प्रकल्पातून १९१५ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. त्यात घाटमाथ्यावरील पाणी नळांवाटे ५०० मीटरांहून अधिक खाली, खोपोलीच्या वीजगृहात उतरते. १ किलोग्रॅम पाणी ५०० मीटर उतरल्यास सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मुक्त होते. ती सर्व उष्णतेत रूपांतरित झाली, तर त्या पाण्याचे तापमान जेमतेम १.२° से.ने वाढेल, वीजगृहात तिचा बहुतांश भाग विजेत रूपांतरित होतो. लोणावळ्यात १ लीटर पाणी २५° से.पासून उकळीपर्यंत तापविण्यास सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. तेवढ्या ऊर्जेसाठी सुमारे ६२ लीटर पाणी ५०० मीटर खाली उतरावे लागते.