१५८४: चाँदबीबी माहेरच्या दरबारात

चाँदबीबी म्हटलं की आपल्याला अहमदनगरचा तट आणि १५९५-९६ चा मोगलांचा वेढा आठवतो. पण त्याआधी, १५८४ साली, ती याच शहरात एका लग्नाच्या निमित्ताने आली होती. त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून आज त्याविषयी लिहितो आहोत.

चाँदबीबी ही हुसेन निजामशाह आणि खुंझा हुमायून यांची लेक. विजापूरच्या अली आदिलशाहशी तिचा निकाह झाला तेव्हा सोलापूरचा किल्ला जहेजमध्ये गेला. १५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम तख्तावर बसला आणि त्याची जबाबदारी चाँदबीबीवर आली. कारभारी किश्वर खानाला ही बाई नकोशी झाली. त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. ती सुटली खरी, पण पुढे सगळी सत्ता दिलावर खानाकडे गेली.

अशात इब्राहीमची बहीण खदीजा हिचं लग्न अहमदनगरचा शहजादा मीरान हुसेन याच्याशी ठरलं. नवरीसोबत चाँदबीबी निघाली. ती नवरीची चाची आणि नवरदेवाची फूफी, म्हणजे दोन्हीकडची!

माहेरी तख्तावर सख्खा भाऊ मुर्तझा होता. पण कसला भाऊ! खुंझा हुमायूनने त्याच्या लहानपणी राज्य सांभाळलं, आणि मोठा झाल्यावर त्याने तिलाच कैदेत टाकलं होतं. आता तो एकांतात राहायचा, लोक त्याला ‘दिवाना’ म्हणायचे. कारभार वजीर सलाबत खान बघायचा.

ज्या घरात पुतणीला सून म्हणून आणलं, त्या घराची पुढे दैना झाली. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाला हम्मामात कोंडून मारलं. वर्षभरात तोही मारला गेला. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा अहमदनगरच्या चाकरीत होता, त्यामुळे ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली. मोगल आले तेव्हा चाँदबीबीने वाचवायला घेतलं ते हेच खिळखिळं झालेलं राज्य. १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावा लागला, किल्ला मात्र राखला.

जाता जाता एक गोष्ट. नगरजवळच्या डोंगरावर ज्या अष्टकोनी इमारतीला आपण ‘चाँदबीबी महाल’ म्हणतो, सहलीला जातो, फोटो काढतो, ती तिची नाहीच. ती कबर त्याच वजीर सलाबत खानाची आहे.