अनोळखी गिऱ्हाईक आणि तिसरा माणूस

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर विकायला काढला, तेव्हाची गोष्ट. जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर फोटो टाकले, किंमत आठ हजार लिहिली. अर्ध्या तासात फोन आला. गिऱ्हाईकाने सुई कशी आहे हे विचारले नाही, पट्टा बदलला आहे का हे विचारले नाही; घासाघीस तर नाहीच. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, वस्तू उचलायला माणूस पाठवतो, पैसे मात्र आत्ताच देतो, एवढेच तो म्हणाला. ओळखपत्राचा फोटो आला, पाठोपाठ एक क्यूआर कोड. ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ मी पिन टाकणार इतक्यात मुलीने माझा हात धरला. “बाबा, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.”

पैसे वाचले, पण एक प्रश्न मनात राहिला. बाजाराच्या गोष्टींत फसतो तो बहुधा घेणारा. ‘खरेदीदारा, सावध राहा’ हे लॅटिन वचन कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. विकणाऱ्याला सावध करणारे तितके प्रसिद्ध वचन माझ्या ऐकण्यात नाही. मग अनोळखी गिऱ्हाईकाला माल देताना विकणारा आजवर कोणाच्या भरवशावर राहिला? याचा माग काढताना मी लिलावाच्या इतिहासात शिरलो, कारण बोली लावणारा बहुधा परकाच असतो.

१८७५ साली पाँपेई येथे ल्युसियस सेसिलियस युकुंडस नावाच्या माणसाच्या घरात मेण लावलेल्या दीडशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. युकुंडस लिलाव आणि सावकारी असा जोडधंदा करी. बहुतेक पाट्या म्हणजे पावत्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इ. स. १५ मधली, एका खेचराच्या विक्रीची. किंमत ५२० सेस्टर्स. या पावत्यांची गंमत अशी, की विकणारा ‘पैसे पोचले’ असे लिहून देतो ते लिलाव करणाऱ्याला, घेणाऱ्याला नव्हे. लिलाववाला आपली दलाली कापून विकणाऱ्याचे पैसे चुकते करी आणि घेणाऱ्याकडून वसुलीची जोखीम स्वतःकडे घेई. पाटीवर साक्षीदारांच्या मोहरा असत. विकणाऱ्याचा संशय असा तिसऱ्या माणसाच्या खांद्यावर जाई.

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि लिलावाचा कायदा इंग्रजांकडून. १९३० च्या मालविक्री कायद्यातले ६४ वे कलम सांगते, की हातोडा पडला की विक्री पुरी होते. तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. ४७ वे कलम त्याहून मोलाचे: उधारीचा करार नसेल, तर पैसे न मिळालेला विक्रेता माल आपल्या ताब्यात रोखून धरू शकतो. म्हणजे वस्तू हातातून गेलेली नाही तोवर विकणारा बऱ्यापैकी सुरक्षित. या सगळ्यामागे एक गोष्ट गृहीत होती. माल, पैसा आणि माणसे एका छताखाली आहेत.

ते छत १९९५ मध्ये उडाले. त्या सप्टेंबरात पिएर ओमिडयार या प्रोग्रॅमरने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ सुरू केले. पुढे तेच ‘ईबे’ झाले. त्यावर विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूची गोष्ट प्रसिद्ध आहे: ओमिडयारचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरला गेला. त्यालाच शंका आली. वस्तू मोडकी आहे हे कळले आहे ना, असे त्याने घेणाऱ्याला विचारले. उत्तर आले, की आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो.

पण प्रत्येकाला असे विचारत बसणे शक्य नव्हते. फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिडयारने ‘फीडबॅक फोरम’ उघडले. घेणाऱ्याने देणाऱ्याविषयी आणि देणाऱ्याने घेणाऱ्याविषयी चारचौघांत लिहायचे. युकुंडसच्या जागी आता सगळा गाव साक्षीला बसला. मात्र हा साक्षीदार भिडस्त निघाला. रेझ्निक आणि झेकहाउझर या संशोधकांनी १९९९ मधले व्यवहार तपासले, तेव्हा खरेदीदारांचे ९९ टक्क्यांहून अधिक अभिप्राय अनुकूल होते. तू मला वाईट म्हणालास तर मीही तुला म्हणेन, ही धास्ती त्यामागचे एक कारण होती. ती मोडण्यासाठी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा प्रतिकूल शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. बोली जिंकून पैसे न देणाऱ्याला चारचौघांत नाव ठेवण्याची सोय गेली. त्या फेब्रुवारीत अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार घातला. नियम मात्र बदलला नाही.

दरम्यान ठकांना एक गोष्ट उमगली होती. विकणारा गिऱ्हाईकावर विश्वास ठेवत नाही, तो तिसऱ्या माणसावर ठेवतो. तेव्हा सोंग तिसऱ्या माणसाचेच घ्यावे. अमेरिकेत किमतीपेक्षा जास्त रकमेचा बँकेचा चेक येई. ‘वरचे पैसे माझ्या वाहतूकदाराला पाठवा,’ अशी विनंती असे. तिथल्या १९८७ च्या कायद्यामुळे असे पैसे खात्यात लवकर वापरता येतात. पण चेक खोटा असल्याचे कळायला कित्येक दिवस लागतात, आणि भुर्दंड विकणाऱ्यावर पडतो. इथे सोंग बँकेचे. दोघांच्या वतीने पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थांची हुबेहूब बनावट संकेतस्थळे निघाली. ‘पैसे जमा आहेत, माल पाठवा,’ असे ती सांगत. इथे सोंग युकुंडसचे.

आपल्याकडे ‘बाझी डॉट कॉम’ने ऑनलाइन लिलाव रुजवला. २००४ मध्ये ती कंपनी ईबेने घेतली. तिथली ‘पैसापे’ ही सोय म्हणजे पैसे मध्ये धरून ठेवणारा तिसरा माणूसच. २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. जुन्या वस्तूंची विक्री तोवर मुख्यतः जाहिरातींच्या संकेतस्थळांकडे गेली होती, आणि तिथे घेणारा व विकणारा एकमेकांना परस्पर फोन करतात. पैसे धरून ठेवणारे मध्ये बहुधा कोणी नसते. २०१६ मध्ये यूपीआय आले. पैसे क्षणात पोचू लागले, तसे क्षणात जाऊही लागले. पैसे ‘मागण्याची’ विनंती ‘मिळण्याची’ म्हणून खपवली जाऊ लागली. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोड आहेच, आणि आता सोंग गणवेशाचे आहे. कारण आपल्याकडे ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असा तिसरा माणूस म्हणजे जवान.

या फसवणुकीची किंमत फसलेल्यापुरती थांबत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० च्या आपल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले: खोट्या मालाचा खरा खर्च हा, की त्यामुळे खरा माल बाजारातून उठतो. त्याने विकणाऱ्यांविषयी लिहिले. गिऱ्हाईकांनाही ते लागू पडते.

हे मी अनुभवाने सांगतो. त्या प्रसंगानंतर चार दिवसांनी लातूरहून एकाचा फोन आला. आवाज वयस्कर होता. म्हणाले, “चालत नसला तरी चालेल. पैसे आधी पाठवतो, तुम्ही पार्सल करा.” पुन्हा घासाघीस नाही, पुन्हा आगाऊ पैसे. मी म्हणालो, स्वतः येऊन घेऊन जा. त्यांना प्रवास झेपत नव्हता. मी फोन ठेवला आणि नंबर बंद करून टाकला.

ते गृहस्थ खरे होते की खोटे, मला आजही माहीत नाही. चालत नसलेला प्लेअर तुम्हाला कशाला हवा, एवढे मी विचारायला हवे होते. ओमिडयारने तेवढेच केले होते. प्लेअर अजून कपाटावर आहे.