गाण्यातली नाममुद्रा

आठवडाभर फायलींच्या शेऱ्यांत आणि बैठकांच्या इतिवृत्तांत गढून गेलेल्या माणसाला शनिवार-रविवार हे दोन दिवस केवळ विश्रांतीचे नसतात. आपल्याला आवडलेले काही दुसऱ्याच्या हाती ठेवण्याचेही ते दिवस असतात. कोणी मित्राला पुस्तक देतो, कोणी शेजाऱ्याच्या घरी लोणच्याची बरणी पोहोचवतो. माझ्यासारखा, नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत राहणारा माणूस गाणी देतो. ऐकणाराही मग आपले एखादे गाणे परत पाठवतो. हा व्यवहार वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. परंतु गाणे देताना आपण त्याबरोबर नेमके काय देतो, आणि काय द्यायला विसरतो, असा प्रश्न मनात आला की त्या व्यवहाराला इतिहासाची बाजू आहे हे ध्यानात येते. आज मी आपल्यापुढे जी गाणी ठेवणार आहे, ती अमेरिकेतल्या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाच्या ‘सोल’ आणि ‘हिप-हॉप’ या दोन गायनप्रकारांतली, तसेच चेन्नईच्या पेठांतून उमटलेली आहेत.

प्रथम ‘सोल’. सोल म्हणजे आत्मा. हे नाव उगाच पडलेले नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जी भजने गाइली जात, त्यांची आर्तता, त्यांतली हाक आणि तिला समुदायाने दिलेले उत्तर, हे सारे 1950 नंतरच्या दशकात लौकिक गीतांत उतरले आणि हा प्रकार सिद्ध झाला. सॅम कुक हा मूळचा अशाच भजनमंडळीतला गायक. 1963 च्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातल्या एका मोटेलने त्याला व त्याच्या सोबत्यांना त्यांच्या वर्णामुळे जागा नाकारली. त्यानंतर त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गीत रचले. 1964 च्या आरंभी ते ध्वनिमुद्रित झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा अंत झाला. हे गाणे ऐकताना मला पंढरपूरच्या महाद्वाराजवळची चोखोबांची समाधी आठवते. देवळाच्या आत ज्याला पाऊल टाकता आले नाही, त्याचे अभंग मात्र आतपर्यंत पोहोचले. दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाने गाणे गावे आणि दाराच्या आतल्यांनी ते मिटल्या डोळ्यांनी ऐकावे, हा प्रकार एका देशापुरता मर्यादित नाही.

त्याच्याबरोबर अरेथा फ्रँकलिन यांचे 1967 मधले ‘रिस्पेक्ट’ अवश्य ऐकावे. डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची ही कन्या. मूळ गीत ओटिस रेडिंग या पुरुष गायकाचे, 1965 सालचे. त्यात घरी परतणारा नवरा मान मागतो. अरेथाबाईंनी तेच गीत स्त्रीच्या मुखी घातले आणि त्याचा अर्थच पालटला. मागणारा कोण, यावर मागणीची किंमत ठरते, हा धडा या एका गीतात आहे.

आता ‘हिप-हॉप’. याचा जन्म 11 ऑगस्ट 1973 या दिवशी झाला असे मानतात. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत, एका मुलीने शाळेच्या नव्या वर्षासाठी चार पैसे जमवावेत म्हणून समारंभ योजला. तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, ज्याला पुढे कूल हर्क म्हणून ओळखू लागले, तबकड्या वाजवीत होता. नाचणाऱ्यांना गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा अधिक आवडतो, हे त्याने हेरले होते. तेव्हा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तो तुकडा पुनःपुन्हा, अखंड वाजवी. त्या तालावर बोलत बोलत जमावाला चेतवणे, हे झाले ‘रॅप’. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी ध्वनिमुद्रिका हेच वाद्य केले.

याच ठिकाणी एक विषादाची गोष्ट सांगितली पाहिजे. जेम्स ब्राउन या सोल गायकाच्या ताफ्यात क्लाइड स्टबलफील्ड नावाचा ढोलवादक होता. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फंकी ड्रमर’ या गीतात त्याचा जेमतेम 20 सेकंदांचा एकल ताल आहे. पुढल्या काळात तो उचलून शेकडो रॅप गीतांखाली वापरला गेला. परंतु गीताचे कर्तृत्व जेम्स ब्राउन यांच्या एकट्याच्या नावे लागलेले असल्याने, त्या उसनवारीपोटी स्टबलफील्डला मानधन असे मिळालेच नाही. 2017 मध्ये तो निवर्तला. जगभर ज्याचा हात ऐकू येत होता, त्याचे नाव ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. गाणे पोहोचले, नाव वाटेत गळाले.

आता आपण चेन्नईकडे वळू. पण चेन्नईला जाताना वाटेत थोडे तंजावरला थांबणे भाग आहे. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे मराठ्यांचे राज्य स्थापिले आणि 1855 मध्ये कंपनी सरकारने ते खालसा केले. त्या अवधीत कीर्तन दक्षिणेत गेले, साकी आणि दिंडी या आपल्या वृत्तांना तामिळ हरिकथेत घर मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या मानाने लावणीची कथा कमी परिचयाची आहे. तंजावरकडच्या गावांत कामदहनाच्या उत्सवात तामिळ भाषेत ‘लावणी’ गाण्याची रीत आहे. दोन पक्ष समोरासमोर बसतात. एक पक्ष म्हणतो, शंकराच्या कोपाने मदन जळाला. दुसरा म्हणतो, मदन मुळी जळालाच नाही. डफाच्या तालावर, पदाला पद लावून, रात्र रात्र हा वाद रंगतो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचे हे सख्खे भावंड. प्रतिस्पर्ध्याला शब्दांत अडवायचे, ऐन वेळी यमक जुळवायचे, समोरच्याला निरुत्तर करून टाळी घ्यायची. ब्राँक्सच्या रस्त्यावरची मुले ज्या झुंजीसाठी नावाजली, तिची चव आपल्या फडांना परकी नव्हती. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मी सुचवीत नाही. माणसाला ताल आणि वाद हे दोन्ही एकत्र सापडले की त्यातून काय निपजते, एवढेच यावरून दिसते.

खुद्द चेन्नईत 1994 साली ‘कादलन’ या चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी ‘पेट्टै रॅप’ हे गीत रचले. ‘पेट्टै’ म्हणजे आपली पेठच. सैदापेट, चिंताद्रीपेट, रायपेट्टा ही नावे ऐकणाऱ्या पुणेकराला आपण घरीच आहोत असे वाटावे. सुरेश पीटर्स यांच्या आवाजातल्या त्या गीतात शुद्ध, ग्रांथिक तामिळ नाही. रस्त्यावरची बोली आहे, जिच्यात ‘बेजार’ आणि ‘गलीज’ हे आपल्याही ओळखीचे शब्द खुशाल वावरतात. पुढे 2006 मध्ये मलेशियातल्या योगी बी आणि नक्षत्र या तामिळ मंडळींनी ‘वल्लवन’ हा संग्रह काढला आणि इळैयराजा यांच्या 1980 सालच्या एका चित्रगीतावर आपले रॅप बसवले. जुनी तबकडी आणि नवे बोल यांची ती ब्राँक्सचीच रीत होती, फक्त तबकडी तामिळ होती.

परंतु पेठेला आपले गाणे आधीपासून होते. उत्तर चेन्नईच्या श्रमिक वस्त्यांत ‘गाना’ नावाचा प्रकार आहे. नाव सरळ हिंदुस्थानी. कोणी मेले की रात्रभर प्रेताजवळ बसून मृताचे गुण, त्याच्या खोड्या, जगण्याची क्षणभंगुरता गाण्यात सांगायची. ताल भांड्यावर किंवा लाकडी पेटीवर धरला तरी चालतो. देवा या संगीतकाराने 1990 नंतरच्या दशकात तो चित्रपटांत रूढ केला. याच वस्त्यांत ‘परै’ हे चामड्याचे वाद्य वाजते. आपल्या हलगीसारखेच ते आहे आणि हलगीसारखीच त्याची कथा. प्रेतयात्रेपुढे वाजवण्याचे काम जातीने लादलेले, आणि त्या कामावरूनच वाजवणाऱ्याला हीन ठरवलेले. इंग्रजीत बहिष्कृताला जो ‘परायह’ शब्द आहे, तो याच वाद्यावरून आलेल्या जातिनामाचा.

या पार्श्वभूमीवर 6 जानेवारी 2018 ची संध्याकाळ महत्त्वाची ठरते. चित्रपटदिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी उभा केलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वृंद त्या दिवशी चेन्नईच्या किल्पॉक भागात प्रथम लोकांपुढे आला. गाना, परै, रॅप आणि रॉक एकाच मंचावर आले. वृंदाच्या नावाचा उगम पंडित अयोत्तिदास यांच्या विचारात आहे. अयोत्तिदासांचा काळ 1845 ते 1914. त्यांनी 1898 मध्ये मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, 1907 मध्ये ‘ओरु पैसा तमिळन’ हे एक पैसा किमतीचे साप्ताहिक काढले, आणि आपल्या लोकांनी स्वतःस ‘जातिरहित तामिळ’ म्हणवावे असा आग्रह धरला. ज्या नगरीत मार्गशीर्षाच्या संगीतोत्सवाला शिस्तीची आणि प्रतिष्ठेची थोर परंपरा आहे, तेथेच 2020 च्या डिसेंबरापासून ‘मार्गळियिल मक्कळिसै’, म्हणजे मार्गशीर्षातले लोकसंगीत, असा दुसरा उत्सव भरू लागला. पहिल्याचा मान त्यामुळे उणा होत नाही. सभागृहाच्या भिंती मात्र थोड्या रुंद होतात.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. सत्यशोधकांचे जलसे झाले, नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. वामनदादा कर्डक यांनी 2004 पर्यंतचे आपले आयुष्य गाण्यांतच वेचले. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला जलशाने राजकारण समजावले. अमेरिकेशी आपले नाते तर त्याहून प्रत्यक्ष आहे. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले, ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच.

शेवटी ज्या गीताने चेन्नईचा आवाज जगभर नेला, ते 2021 च्या मार्चमधले ‘एन्जॉय एंजामी’. धी आणि अरिवु या दोघांच्या आवाजात ते आहे. संगीतनिर्माते संतोष नारायणन. अरिवु हा कास्टलेस कलेक्टिव्हमधून पुढे आलेला कवी. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीची कहाणी आणि भूमिहीनांचे दुःख त्याने या गीतात ओवले. 1964 च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने अशा मळेकरी तामिळांपैकी 5,25,000 जणांना भारताने स्वीकारायचे ठरले होते. करारातल्या त्या आकड्याला या गीताने मुखे दिली. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले, लग्नमंडपांत त्यावर नाचले. आणि मग नावाचा वाद उद्भवला. त्याच वर्षी एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर अरिवूला स्थान नव्हते. टीका झाल्यावर त्याचे स्वतंत्र मुखपृष्ठ निघाले. 2022 मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात ते गीत सादर झाले, पण अरिवु मंचावर नव्हता. गीतात कोणाचा वाटा किती, याविषयी दोन्ही बाजूंनी आपापली कैफियत मांडली आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. मात्र स्टबलफील्डची कथा ऐकलेल्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटणार नाही.

काही श्रोते म्हणतील, हे बोलणे म्हणजे गाणे नव्हेच. शिवाय यांत शिवराळपणा आणि स्त्रियांविषयीची अनुदार भाषा पुष्कळ असते. दुसरा आक्षेप खरा आहे. चेन्नईच्याच हिप-हॉप तमिळा या जोडीचे 2011 मधले गाजलेले गीत याच कारणास्तव टीकेला पात्र झाले. अन्याय सोसलेल्याच्या मुखातून अन्याय निघत नाही, असे इतिहास सांगत नाही. म्हणून निवड करावी लागते, आणि ती श्रोत्याने करायची असते. पहिल्या आक्षेपाला मात्र उत्तर सोपे आहे. पोवाडा म्हणणारा शाहीर अर्धा वेळ बोलतच असतो. त्याला आपण गाणे नाही असे कधी म्हटले नाही.

एका साम्याकडे लक्ष वेधून थांबतो. रॅप गाणारा गीताच्या मध्येच आपले नाव उच्चारतो. पुष्कळांना ही बढाई वाटते. परंतु आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका, नामा, चोखा, जनी अशी नावे गोवली, शाहिरांनी आपली छाप टाकली, वामनदादांनी ‘वामन’ हे नाव पदात बसवले, ते कशासाठी? ज्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, देवळाच्या देणगीफलकावर नसते, त्याला आपले नाव टिकवण्यासाठी गाण्याखेरीज दुसरा कागद उपलब्ध नसतो. जनाबाईंची सही आपल्याला आजही वाचता येते ती यामुळेच.

तेव्हा या शनिवारी सॅम कुक आणि अरेथाबाई, रविवारी ‘पेट्टै रॅप’ आणि ‘एन्जॉय एंजामी’ ऐकावे. मराठीची आठवण झालीच तर मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळींनी आरेच्या जंगलातल्या आदिवासींसाठी केलेले ‘वारली रिव्होल्ट’ ऐकावे. आवडले तर पुढे कोणाला तरी द्यावे. मात्र देताना ते कोणी रचले, कोणी गाइले आणि ताल कोणी धरला, तेही दोन शब्दांत सांगावे. गाणे देण्याला पैसा पडत नाही, आणि नाव सांगण्यालाही पडत नाही.