वसाहतयान (कल्पित)

दुसऱ्या ग्रहावर किंवा दुसऱ्या ताऱ्याभोवती कायमची वस्ती करण्यासाठी माणसे, बी-बियाणे, जनावरे आणि अवजारे घेऊन जाणारे कथा-कादंबरीतील, चित्रपटातील किंवा कागदावरील आराखड्यातील अंतराळयान. याला मराठीत एक ठरलेला शब्द नाही. या नोंदीपुरता ‘वसाहतयान’ हा शब्द वापरला आहे, आणि तो सोयीचाही आहे. इतिहासाच्या पुस्तकात वसाहत म्हणजे परक्याने बळकावलेला मुलूख. मुंबईच्या नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात मात्र वसाहत म्हणजे पोलीस वसाहत, म्हाडा वसाहत, कामगार वसाहत; म्हणजे नळ, जिना, पंपाची खोली आणि कचऱ्याचा डबा. यान रचणाऱ्याला पहिल्या अर्थापेक्षा दुसरा अर्थ जास्त उपयोगी पडतो.

मराठी वाचकाला अंतराळात जाणारे वाहन पहिल्यांदा भेटले ते अनुवादातून. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे (मूळ फ्रेंच, १८६५) रूपांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९००च्या सुमारास ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने आले. पुढे भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’मुळे ही कथा मुलांच्या हाती पोहोचली. व्हर्नचे यान म्हणजे तोफेचा गोळा. सुमारे पावणेतीनशे मीटर लांबीच्या नळीत त्याला सेकंदाला अकरा किलोमीटर वेग द्यायचा, तर आतल्या माणसांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या वीस हजारपटींहून अधिक ताण येईल. प्रवाशांचा लगदा होईल, एवढे सांगून बहुतेक टीकाकार थांबतात. पण याच व्हर्नने गोळ्याच्या आतील हवेचा हिशेब चोख मांडला होता. पोटॅशियम क्लोरेट तापवून प्राणवायू मिळवायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशमध्ये शोषून घ्यायचा, अशी सोय त्याने केली. कादंबरीच्या दुसऱ्या भागात मेलेला कुत्रा खिडकीतून बाहेर टाकला जातो आणि तो यानाच्या बरोबरीनेच तरंगत राहतो. टाकलेली वस्तू आपसूक दूर जात नाही, हे आजच्या कितीतरी पटकथालेखकांना अजून उमगलेले नाही.

आकार. यानात गुरुत्व नसेल तर हाडे आणि स्नायू झिजतात, म्हणून मोठी याने स्वतःभोवती फिरवावी लागतात. व्यास लहान असेल तर फिरण्याचा वेग वाढतो आणि माणसांना गरगरते, त्यामुळे यान अवाढव्य करणे भाग पडते. १९७५च्या उन्हाळ्यात अमेरिकेत नासाच्या एका अभ्यासगटाने ‘स्टॅनफर्ड टोरस’ हा आराखडा मांडला. मेदूवड्यासारखे हे कडे १.८ किलोमीटर व्यासाचे, मिनिटाला एक फेरी घेणारे आणि दहा हजार माणसांचे होते. हे अवकाशातच राहायचे घर होते, प्रवासाचे यान नव्हते. पण कथाकारांनी असल्या घरांना इंजिन लावून कधीच पळवले. भांडुप ते नाहूर स्थानकांतील अंतर साधारण या कड्याच्या व्यासाएवढे आहे. दहा हजार माणसे म्हणजे गर्दीच्या वेळच्या दोन भरगच्च लोकल. वैश्विक किरणांपासून बचावासाठी कड्याभोवती चंद्राच्या मातीचा सुमारे एक कोटी टनांचा थर द्यायचा होता, म्हणजे जवळजवळ सगळे वजन भिंतीचेच. त्याच काळात जेरार्ड ओनील यांनी सुचवलेली नळकांडी ३२ किलोमीटर लांब आणि ६.४ किलोमीटर व्यासाची होती. मध्य रेल्वेवर मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत साधारण या लांबीएवढेच अंतर आहे. अशा नळकांड्याला दोन मिनिटांच्या आत एक फेरी पुरी करावी लागते, तेव्हा आत पृथ्वीइतके वजन जाणवते.

पाणी आणि कचरा. वसाहतयानाची खरी परीक्षा इथे होते, आणि चित्रांत नेमके हेच गाळलेले असते. नाहूरच्या एका बाजूला भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल आहे, ज्यातून मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा जातो. दुसऱ्या बाजूला मुलुंडचे डम्पिंग ग्राउंड २०१८मध्ये नव्या कचऱ्याला बंद झाले. शहर या दोन टोकांवर चालते: पाणी धरणांतून येते, घाण कुठेतरी टाकली जाते. यानाला ‘येणे’ नाही आणि ‘कुठेतरी’ही नाही. भारतीय शहरांच्या नियोजनात नेहमी धरले जाणारे माणशी रोजचे १३५ लिटर पाणी घेतले, तर दहा हजार जणांना दिवसाला साडेतेरा लाख लिटर लागतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२३मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे लक्ष्य गाठले गेले. तोच दर इथे लावला तरी रोज २७ हजार लिटर हातचे जातात. शंभर वर्षांत ही गळती सुमारे ९८ कोटी लिटर होते, म्हणजे तुळशी तलावाच्या क्षमतेच्या आठव्या भागाइतकी. आराखड्यात एखादे गोठलेले धूमकेतूचे ढेकूळ बांधून न्यायची कल्पना येते ती म्हणून. दुसरा उपाय माणशी पाणी कमी करण्याचा. उन्हाळ्यातल्या पाणीकपातीची सवय असलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

हवेबाबतचा धडा ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर २’ने दिला. १९९१ ते १९९३ या दोन वर्षांत आठ माणसे काचेच्या बंद इमारतीत शेतीसह राहिली. सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि तो बाहेरून भरावा लागला. सुपीक मातीतले जीवजंतू तो वापरत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांपर्यंत पोहोचण्याऐवजी बांधकामाचे काँक्रीट गिळत होते, त्यामुळे तोट्याचे कारण लवकर लक्षातही आले नाही. भिंतही श्वास घेते, हे आराखडा काढणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते.

वेग आणि थांबणे. सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर १च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १७ किलोमीटरने, तिथवर जायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या ‘डिडॅलस’ आराखड्यात (१९७३–७८) ५४ हजार टनांच्या यानापैकी ५० हजार टन इंधनच होते. प्रकाशाच्या १२ टक्के वेगाने ते बर्नार्डच्या ताऱ्याशी पन्नासेक वर्षांत पोहोचणार होते, आणि न थांबता पुढे निघून जाणार होते. मानवरहित यानाला ते चालते. वसाहतीला उतरावे लागते. रॉकेटच्या गणितात थांबणे फार महाग आहे. वेग घ्यायला भरलेले यान रिकाम्याच्या दहापट जड लागत असेल, तर तेवढाच वेग पुन्हा उतरवायला ते शंभरपट लागते. जलद गाडी नाहूरला न थांबता धडधडत जाते ती वेळापत्रकामुळे. डिडॅलसपाशी ब्रेकच नव्हता.

इतका काळ काढण्याच्या कथांतल्या युक्त्या ठरीव आहेत: माणसांना गोठवून झोपवणे, फक्त भ्रूण नेणे किंवा यानातच पिढ्या जन्मू देणे. शेवटच्या प्रकारावर रॉबर्ट हाइनलाइनने १९४१मध्ये लिहिले. त्याच्या कथेतील वंशजांना आपण यानात आहोत हेच माहीत नसते. यान हेच त्यांचे विश्व. आनुवंशिक विविधता टिकवायला किती माणसांनी निघावे यावर अभ्यासकांचे आकडे जुळत नाहीत: कोणी शंभराच्या आत भागवतो, कोणाला चाळीस हजार हवेत. आनुवंशिकतेपेक्षा कारभाराचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अशी वस्ती म्हणजे एक गृहनिर्माण सोसायटी, जिच्या सभासदाला फ्लॅट विकून जाता येत नाही, थकबाकीदाराचे पाणी तोडता येत नाही आणि पुनर्विकासासाठी विकासकही मिळत नाही. सर्वसाधारण सभेत गणसंख्या भरली नाही म्हणून नॅव्हिगेशनचा विषय तहकूब, अशी कथा कोणीतरी लिहायला हवी.

मराठी विज्ञानकथेने यानाच्या बांधणीत फार वेळ घालवलेला नाही. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना १९६६) १९७०पासून विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४मध्ये तिथे जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ नारायण विनायक जगताप या नावाने आली. आद्याक्षरे उलटी वाचली की नाव उलगडते. खगोलशास्त्रज्ञच कथा लिहू लागल्यावर बटण दाबून तारे गाठणारी याने वाचकाला पोरकट वाटू लागली असावीत. पण नारळीकरांच्या पुस्तकांची नावे पाहा: ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. यांत कोणी देतो, कोणी येतो, कोणी परतत नाही. बिऱ्हाड बांधून निघालेली माणसे मराठीत कमीच.

यान उभे केले ते मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांनी, हिंदी ‘कार्गो’ या चित्रपटात (२०१९). त्यातले यान वसाहतीचे नाही. मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करून पाठवणारी ती एक अंतराळातील कचेरी आहे. तिथला राक्षस कर्मचारी वर्षानुवर्षे एकटाच कामावर आहे, मग त्याला एक मदतनीस मिळते. चकचकीत काचांऐवजी जुन्या धाटणीची यंत्रे, रोजची ठरलेली कामे, आणि यानाचे नाव पुष्पक ६३४ए.