दान, अट आणि तक्रार : कडवट पित्याच्या प्रतिमेचा एक इतिहास

१

तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती करू लागले. त्यानंतर चौदा महिन्यांच्या आत, २३ डिसेंबर १९७० रोजी, मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग सादर केला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधणे हास्यास्पद ठरेल. तरीही मुलांपासून दुरावलेल्या, कडवट झालेल्या वृद्ध पित्याची प्रतिमा मराठी मनात नेमकी याच काळात का स्थिरावली, हा प्रश्न विचारताना या दोन घटना शेजारी ठेवून पाहणे उद्‌बोधक ठरते.

तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंत, वाडी, शेत किंवा होडी हाच कुटुंबाचा आधार होता. डायमेकिंगसारख्या कारागिरीतही हात तयार व्हायचा तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून. बापाचा अधिकार अशा समाईक वस्तूवर उभा असे आणि त्या वस्तूवाचून मुलालाही वेगळे अस्तित्व नसे. या व्यवस्थेत भांडणे नव्हती असे नव्हे. भावकी, वाटणी, बांध यांचे तंटे कोकणाला नवीन नाहीत. पण ते तंटे ‘किती’ याविषयीचे होते. नाते उरले की संपले, याविषयीचे क्वचितच.

अणुवीज केंद्राची वसाहत आणि बोईसरलगतचे औद्योगिक क्षेत्र यांनी या भूभागात दुसरी रचना आणली. पगार, भविष्यनिर्वाह निधी, हुद्द्यानुसार मिळणारे निवासस्थान. अशा घराचे मूळ वंशात नसते, नेमणुकीत असते. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते आणि हाती आलेल्या रकमेतून पिता आयुष्यात प्रथमच संपूर्णपणे ‘स्वतःचे’ असे काही उभे करतो. त्याच वेळी मुलाचे घर त्याच्या वेगळ्या पगारातून उभे राहिलेले असते. त्या घरात पिता पाहुणा असतो. ही रचना केवळ तारापूरची नव्हे. परंतु वाडी आणि वसाहत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तिचे स्वरूप येथे विशेष स्पष्ट दिसते.

२

शेक्सपिअरचा लिअर राज्य वाटतो, कारण ते त्याचे आहे. मराठी प्रदेशात प्रचलित असलेल्या मिताक्षरा पद्धतीतील पिता हे करू शकत नव्हता. वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राचा वाटा जन्मानेच निर्माण होतो. पिता कर्ता असतो, एकमेव स्वामी नव्हे. जे मुलाचे आधीच आहे ते त्याला ‘दिले’ असे म्हणता येत नाही आणि जे दिलेच नाही त्याच्या कृतघ्नतेबद्दल आक्रोशही करता येत नाही. लिअरची शोकात्मिका मराठीत उतरण्यासाठी आधी स्वकष्टार्जित संपत्तीचा, म्हणजेच ‘देऊ शकणारा’ पिता अस्तित्वात यावा लागला.

याचा पडताळा नाट्येतिहासात मिळतो. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकातही व्यथित पिता आहे. संभाजीराजे डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. या इतिहासात पिता-पुत्रांतला दुरावा खराच आहे, परंतु त्याचा विषय वारसा हा आहे. राज्य कोणाच्या हाती जाणार, याची चिंता पित्याला पोखरते. माझे मी देऊन बसलो आणि आता मला कोणी विचारत नाही, ही तक्रार तेथे संभवतच नाही.

गणपतराव बेलवलकरांची तक्रार मात्र तीच आहे. रंगभूमीवर आयुष्यभर कमावलेले सारे काही ते मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतात. या कृतीवर कसलीही अट नाही आणि त्या बिनशर्तपणातच त्यांचा राजेपणा आहे. पुढे मुलाच्या घरातला अवघडलेपणा, मुलीच्या घरी आलेला चोरीचा आळ आणि अखेर रस्ता, हा प्रवास घडतो तो दात्याचा याचक होताना. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ मध्ये, म्हणजे ‘नटसम्राट’ रुजल्यानंतर आला, हेही लक्षणीय आहे.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील नाना-नानींना राग परवडत नाही, अमेरिकेतल्या मुलाची वाट पाहण्यात त्यांचा राग विरून जातो. ‘हिमालयाची सावली’त (१९७२) कानेटकर उलट बाजू मांडतात. पित्याने सारे संस्थेला दिले. तक्रार आहे ती घराची. पण प्रेक्षकांच्या स्मृतीत ठाण मांडून बसला तो बेलवलकर. याचे एक कारण नाटकाच्या घडणीत आहे. पित्याच्या वाट्याला स्वगते आली. मुलांच्या वाट्याला फक्त प्रसंग. स्वगताला प्रतिवादी नसतो. प्रेक्षागृहात बसलेली मुलेही त्या स्वगतापुरती पित्याच्या बाजूला जातात आणि घरी परततात.

३

प्रतिवादी असलेली पित्याची तक्रार पाहायची तर दुसऱ्या संहितेकडे वळावे लागते. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क पत्नी आणि अपत्ये यांनाच होता. १९७३च्या संहितेने कलम १२५ मध्ये आईवडिलांची भर घातली. या तरतुदीखाली कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका पित्याने आपल्या विवाहित, वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या मुलीकडून दरमहा ५०० रुपयांची मागणी केली. मुलीची आई १९४८ मध्ये निवर्तली होती. वडिलांनी दुसरा विवाह केला होता. मुलीने प्राथमिक हरकत घेतली ती व्याकरणाची. इंग्रजी कलमात ‘त्याचे वडील किंवा आई’ अशा अर्थाचे पुल्लिंगी सर्वनाम आहे. म्हणून जबाबदारी मुलाची, मुलीची नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये न्यायालयाने ठरविले की पुल्लिंगी सर्वनामात स्त्रीचाही अंतर्भाव होतो आणि विवाहाने मुलगी ही मुलगी असण्याचे थांबत नाही. मात्र पतीच्या मिळकतीहून स्वतंत्र असे पुरेसे साधन तिच्यापाशी असले पाहिजे, अशी मर्यादाही घातली.

समीक्षेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. मराठीत हेच वाक्य ‘कोणतीही व्यक्ती आपल्या आईवडिलांचा’ असे सहज लिहिले जाईल. ‘आपला’ या सर्वनामात धारकाचे लिंग उमटत नाही. ज्या फटीतून मुलीने बाहेर पडू पाहिले, ती फट तिच्या मातृभाषेत नव्हतीच. पण म्हणून तिची हरकत निव्वळ शब्दच्छल ठरत नाही. १९५६च्या कायद्याने मुलीला पित्याच्या स्वतंत्र मालमत्तेत वारस केले होते आणि त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगीविषयक कायद्याने तिच्यावर आईवडिलांच्या पालनाचे दायित्वही टाकले होते. पण वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने तो मुलींना १९९४ मध्ये दिला, तोही आधी विवाह झालेल्यांना वगळून. साऱ्या देशासाठी तो २००५ मध्ये आला. म्हणजे कल्याणच्या त्या मुलीवर मुलासारखे कर्तव्य शिक्कामोर्तब होत असताना मुलासारखा जन्मसिद्ध हक्क तिच्यापाशी नव्हता. ‘देणे’ आणि ‘घेणे’ यांचा जो हिशेब बेलवलकर मांडतात, तो मुलीच्या बाजूने मांडला तर वेगळाच निघतो. त्यासाठी मराठी रंगभूमीने स्वगत लिहिलेले नाही.

४

२००७च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाने या इतिहासाला नवे वळण दिले. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मागता येते. बिनशर्त दानातून जन्मलेल्या शोकांतिकेला कायद्याने दिलेले हे उत्तर म्हणता येईल. परंतु बक्षीसपत्राची रूढ भाषा प्रेम आणि आपुलकी यांची असते. तेथे अट लिहिणे म्हणजे प्रेमावर अविश्वास दाखवणे. म्हणूनच अट दस्तात स्पष्ट असली पाहिजे की नाही, यावर वाद झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अधिनियमाचा हेतू पाहून उदार अर्थ लावण्याकडे कल दर्शविला. प्रेमाचा दस्त कसा वाचावा, हा अर्थनिर्णयनाचाच प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या अधिनियमाखालील न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. जमिनीचे तंटे ज्या प्रांत कार्यालयात चालतात, तेथेच आज पित्याने केलेला पोटगीचा अर्जही चालतो. वाडीतला ‘किती’चा तंटा आणि वसाहतीतला ‘उरले की संपले’चा तंटा अखेर एकाच टेबलावर आले आहेत. मूळ अधिनियमाच्या कलम १७ने वकिलांना मज्जाव केला. पित्याने स्वतःच बोलावे ही कल्पना त्यामागे आहे. जणू स्वगताला शासनमान्यता मिळाली. फरक एवढाच की येथे समोर मुले उभी असतात आणि त्यांचेही ऐकून घ्यावे लागते. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये. पण पित्याला हवे असते ते बहुधा या रकमेच्या पलीकडचे. आपण दिले होते, हे कोणीतरी मान्य करावे, एवढीच त्याची मागणी असते. ती मंजूर करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधिकरणाला नाही.

१९९०च्या दशकात अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ने हरिलालच्या रूपाने अपत्याला पित्यासमोर उभे करून बोलते केले. तेथे दोघांची दुःखे एकमेकांना रद्द करत नाहीत. पण ते अपत्य महात्म्याचे होते. नोकरदार बापाच्या नोकरदार मुलांचे, विशेषतः मुलींचे, म्हणणे अजून अर्जाच्या उत्तरापुरतेच शिल्लक आहे. कडवट पित्याच्या प्रतिमेने मराठी प्रेक्षकाला अर्धशतकाहून अधिक काळ रडविले, ते योग्यच होते. त्याचे दुःख खोटे नव्हते. मात्र समीक्षेने त्या अश्रूंबरोबर वाहून जाण्याऐवजी हे विचारावयास हवे होते की, देण्याची मुभा कोणाला होती, घेण्याची सक्ती कोणावर झाली आणि स्वगत कोणाला नाकारले गेले. त्या प्रश्नांशिवाय लिहिलेला या प्रतिमेचा इतिहास म्हणजे पित्यानेच लिहिलेला अर्ज ठरेल.